आश्रय, शिक्षण आणि समूहनाद : स्कॉटिश पाइप बँडच्या वाढीचा विचार

एखाद्या कलेला ‘लोकांची कला’ असे म्हटले जाते तेव्हा त्या शब्दप्रयोगात तीन निरनिराळे अर्थ मिसळलेले असतात. ती लोकांनी निर्माण केलेली असते, ती लोकांसाठी असते, अथवा ती लोकांच्या हाती असते. हे तीनही अर्थ एकाच कलेच्या ठिकाणी क्वचितच एकवटतात. स्कॉटलंडमधील पाइप बँड, म्हणजे बॅगपाइप व ढोल यांचे पथक, हे या दृष्टीने अभ्यसनीय उदाहरण आहे. डोंगराळ हायलँड प्रदेशातील कुळांची प्राचीन परंपरा म्हणून त्याचा गौरव होतो. वस्तुतः बॅगपाइप जुना असला तरी अनेक पाइप आणि अनेक ढोल यांचा हा संघटित घाट एकोणिसाव्या शतकातील सैन्यात सिद्ध झाला. तो लोकांनी घडविला नाही. तो सर्वस्वी लोकांसाठी वाजविला जातो असेही नाही. तथापि आज तो लोकांच्या हाती आहे, आणि गावोगावच्या पथकांची वाढ समजून घ्यावयाची तर याच तिसऱ्या अर्थापासून आरंभ केला पाहिजे.

१

प्रथम वाद्याचे स्वरूप पाहणे अवश्य आहे. बॅगपाइपच्या वादननळीला, म्हणजे चँटरला, अवघे नऊ स्वर आहेत. त्यांतील खालून दुसऱ्या स्वराला षड्ज मानले तर मंद्र कोमल निषादापासून तार षड्जापर्यंतचा हा विस्तार आपल्याकडील खमाज थाटाशी जुळतो. ड्रोन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन नळ्या त्याच षड्जाचा सूर खालच्या सप्तकांत अखंड धरून राहतात. सनईच्या साथीला धरलेला सूर ज्याच्या कानात आहे, त्याला या रचनेचे मर्म सांगावे लागत नाही. चँटरवरील प्रत्येक स्वराची योग्यता या आधारसुराशी त्याचा किती संवाद साधतो यावरून ठरते.

मात्र या वाद्याला दोन मोठ्या मर्यादा आहेत. वादनाच्या ओघात चँटरचा नाद थांबविता येत नाही, आणि तो लहानमोठाही करता येत नाही. त्यामुळे एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवावयाचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा क्षणिक स्पर्श द्यावा लागतो. आपल्या संगीतात कणस्वर हा अलंकार असतो. येथे तो व्याकरणाचा भाग होतो. वीस पाइपवादक एकत्र वाजवितात तेव्हा साठ ड्रोन आणि वीस चँटर, अशा ऐंशी नळ्यांनी एकाच षड्जाशी एकनिष्ठ राहावयाचे असते, आणि प्रत्येक कणस्वर वीसही जणांच्या बोटांतून एकाच क्षणी निघावयाचा असतो. एका वादकाची पिशवीवरील दाबातील हयगयही साऱ्या पथकाला बाधते. म्हणून पथकाची वाढ केवळ संख्येने मोजणे व्यर्थ होय. वादक वाढले की दोषांच्या शक्यता वाढतात. गुण वाढतो तो शिक्षणाने.

२

हे शिक्षण कोणाच्या आश्रयाने झाले, हा यापुढील प्रश्न. पाइप बँडच्या इतिहासात आश्रयाच्या तीन अवस्था स्पष्ट दिसतात.

पहिली अवस्था पलटणीची. प्रारंभी पलटणीतील पाइपवादकांचा खर्च अधिकारी पदरचा करीत. १८५४ साली ब्रिटिश युद्धखात्याने हायलँड पलटणींतील पाइपवादकांच्या ठरावीक संख्येला अधिकृत मान्यता दिली, आणि पुढे त्यांना ढोलांची जोड मिळून संचलनाचे संगीत आकारास आले. महाराष्ट्रातील वाचकाला हे वाद्य परिचित आहे ते याच लष्करी वारशामुळे. दुसरी अवस्था उद्योगाची व पोलिस दलाची. गोव्हन येथील पोलिस दलाचे १८८३ सालचे पथक हे मुलकी पथकांपैकी अगदी आरंभीचे. त्यानंतर कोळशाच्या खाणी आणि कारखाने यांच्या परिसरात पथके निघाली. १९०६ साली डनून येथील कोवल मेळाव्यात पथकांची स्पर्धा सुरू झाली, १९३० साली स्कॉटिश पाइप बँड असोसिएशन स्थापन झाली, आणि १९४७ साली तिच्या विद्यमाने झालेली जागतिक स्पर्धा बोहिल कोलिअरी या खाणकामगारांच्या पथकाने जिंकली.

या दुसऱ्या अवस्थेचे सामर्थ्य आणि तिची भंगुरता दोन पथकांच्या तुलनेतून ध्यानात येते. ग्रेंजमाउथ येथील म्यूरहेड अँड सन्स हे एका लाकूड कारखान्याच्या नावाचे पथक. १९६५ ते १९६९ अशी सलग पाच वर्षे ते जगज्जेते होते. परंतु पुढच्याच दशकात ते विसर्जित झाले. लॅनर्कशरच्या कोळसापट्ट्यातील शॉट्स अँड डाइकहेड कॅलेडोनिया या पथकाने मात्र खाणी बंद पडल्यावरही आपले स्थान राखले. या पथकात अ‍ॅलेक्स डूथार्ट यांनी स्नेअर ढोलाच्या वादनाला नवी भाषा दिली. त्यांच्या पूर्वी ढोल मुख्यतः पावलांना ताल देत असे. त्यांच्या हातात तो सुरावटीच्या वाक्यरचनेशी बोलू लागला. ही भाषा शिकलेले शिष्य हेच पथकाचे खरे भांडवल ठरले. यावरून असे म्हणता येईल की आश्रयदाता पथकाला गणवेश व वाद्ये देऊ शकतो. सातत्य देते ती शिष्यपरंपरा.

३

तिसरी अवस्था गावाची. तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे आर्गाइल प्रांतातील इन्व्हरेरी अँड डिस्ट्रिक्ट हे पथक. लॉख फाइन या खाडीच्या काठी वसलेले इन्व्हरेरी हे अवघ्या काहीशे वस्तीचे गाव आहे. पथकाचे पाइप मेजर स्टुअर्ट लिडेल हे एकल वादनातील अग्रगण्य वादक होत. त्यांना प्रारंभीचे शिक्षण मिळाले ते आजोबा रॉनल्ड मॅकॅलम यांच्याकडून, आणि मॅकॅलम हे आर्गाइलच्या ड्यूकचे पाइपवादक होते. म्हणजे सरंजामी आश्रयाखाली जपलेली विद्या एका घराच्या द्वारे गावातील मुलांपर्यंत पोहोचली. २००५ साली परिसरातील मुलांना शिकविण्याच्या उपक्रमातून हे पथक उभे राहिले. ते प्रथम नवशिक्या मुलांच्या वर्गात उतरले, २०१० साली पहिल्या श्रेणीत दाखल झाले, आणि २०१७ साली व पुन्हा २०१९ साली त्याने जागतिक स्पर्धा जिंकली.

या प्रगतीचे वर्णन चमत्कार म्हणून करण्याचा मोह सहज होतो. परंतु चमत्कार म्हटले की कारणमीमांसा थांबते. पाइपचे शिक्षण मोठ्या वाद्यावर सुरू होत नाही. मूल कित्येक महिने साध्या सरावनळीवर कणस्वर घोटते. ढोल शिकणारे मूल रबरी गादीवर हात बसविते. या काळात ऐकणाऱ्याला सुख देईल असे काहीही निष्पन्न होत नाही. आश्रयदात्याला मिरवणूक हवी असते, आणि मिरवणुकीला न दिसणारी ही वर्षे पोसण्याची तयारी त्याच्यापाशी बहुधा नसते. गावापाशी ती असते, कारण तेथे शिकविणारा आणि शिकणारा हे एकमेकांना पथकाच्या बाहेरही ओळखतात. एका पिढीने एकाच गुरूपाशी हात घडविला म्हणजे बोटांची लकब, लयीचे वजन आणि सुराची अपेक्षा ही सर्वांची एकच होते. निरनिराळ्या ठिकाणी तयार झालेले उत्तम वादक एकत्र आणून ही एकता येत नाही असे नाही. पण ती नव्याने कमवावी लागते. इन्व्हरेरीच्या मुलांपाशी ती आरंभापासून होती.

४

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही टाळण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप असा की अव्वल श्रेणीत पोहोचलेले पथक गावाचे राहतच नाही. त्या पातळीवर दूरदूरचे वादक येऊन मिळतात, आणि इन्व्हरेरीही त्याला अपवाद नाही. शिवाय आश्रयदाताही मागील दाराने परत येतो : २०२३ साली जगज्जेते ठरलेल्या बॉगहॉल अँड बाथगेट कॅलेडोनिया या पथकाच्या नावाआधी एका मोटारविक्रेत्या संस्थेचे नाव होते. परंतु याच पथकाने मुलांची पथकेही दीर्घकाळ चालविली आहेत, हे विसरता येत नाही. समुदाय म्हणजे जन्मगावांची यादी नव्हे. बाहेरचा वादक गावातील घडण स्वीकारतो की गावातील मुलाची जागा घेतो, ही येथील खरी कसोटी होय. अव्वल पथकाच्या मागे मुलांची रांग उभी असेल तर पाहुणे वादक हे समुदायाचे वैभव ठरतात. ती रांग तुटली असेल तर गावाचे नाव केवळ नाव उरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो संगीताविषयी आहे. या पथकांची वाढ स्पर्धेच्या पायऱ्यांनी होते, आणि स्पर्धेने घाट ठरवून दिला आहे : एकीकडे मार्च, स्ट्रॅथस्पे व रील यांची जोडणी, दुसरीकडे काही मिनिटांची मिश्रमालिका. स्पर्धेच्या मैदानात पथक वर्तुळ करून आत तोंड करते. पाइपचे दोन, ढोलांचा एक आणि समूहनादाचा एक असे परीक्षक त्याभोवती फिरतात, आणि श्रोत्यांच्या वाट्याला वादकांच्या पाठी येतात. ज्या कलेचा अत्युच्च क्षण श्रोत्याकडे पाठ करून साजरा होतो, तिला लोकांसाठीची कला म्हणणे कठीण आहे. स्ट्रॅथस्पे आणि रील हे मूळचे नृत्याचे प्रकार. स्पर्धेत त्यांचे कणस्वर निर्दोष होतात, परंतु त्यांवर कोणी नाचत नाही. चूक होऊ नये ही वृत्ती एकदा बळावली की काही नवे सांगावे ही वृत्ती दुर्बल होते.

तथापि या बंधनातून वाट निघाल्याची उदाहरणे आहेत. कॅनडातील ऑन्टॅरिओचे सेव्हन्टी-एट्थ फ्रेझर हायलँडर्स हे पथक १९८७ साली जागतिक स्पर्धा जिंकणारे समुद्रापलीकडील पहिले पथक ठरले. त्याच वर्षी त्याने उत्तर आयर्लंडमधील बॅलिमिना येथे सभागृहात श्रोत्यांसमोर वादन केले, आणि त्यात डॉन थॉम्प्सन यांची ‘जर्नी टू स्काय’ ही दीर्घ रचना सादर केली. स्पर्धेच्या शिस्तीने घडलेला समूहनाद स्पर्धेच्या घाटाबाहेरही टिकतो, किंबहुना तेथेच त्याला आपला पूर्ण विस्तार सापडतो, हे त्या वादनाने दाखविले. सभागृहात वर्तुळ उघडते आणि वादकाला श्रोत्याचे मुख दिसते.

सारांश, गावच्या पाइप बँडची वाढ दोन अंगांनी पारखली पाहिजे. शिक्षणाच्या अंगाने तिचे यश निर्विवाद आहे. पलटण आणि कारखाना यांच्या आश्रयाला जे सातत्य साधले नाही, ते गुरुशिष्यांच्या सान्निध्याने एका लहान गावात साधून दाखविले. संगीताच्या अंगाने मात्र ही वाढ अजून अपुरी आहे, कारण पायऱ्यांच्या टोकाशी पोहोचलेल्या पथकाने पुढे कोठे जावे याचे उत्तर स्पर्धेपाशी नाही. ते उत्तर रचनाकाराने आणि श्रोत्याने मिळून द्यावयाचे आहे. ज्या समुदायाने मुलाच्या हाती सरावनळी दिली, त्याच समुदायाला ते मूल मोठे होऊन काय ऐकविते, या प्रश्नावर या कलेचे भवितव्य अवलंबून राहील.