'कोसला': श्रोता नसलेला शोक

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. खेड्यातून पुण्याला शिकण्यासाठी आलेल्या पांडुरंग सांगवीकराच्या या आत्मनिवेदनाचा विचार मराठी समीक्षेने मुख्यतः अस्तित्ववाद, परात्मता आणि भाषिक बंडखोरी या अंगांनी केला. ती चर्चा मोलाची असली, तरी तिच्यात एक साधी गोष्ट मागे पडली. पांडुरंग हा धाकट्या बहिणीच्या मृत्यूने हादरलेला विद्यार्थीही आहे.

मनी बालवयातच मरण पावते. त्याआधीच पांडुरंगचे महाविद्यालयीन जीवन विस्कटू लागलेले असते. तेव्हा त्याच्या साऱ्या पडझडीचे मूळ या एका दुःखात शोधणे योग्य होणार नाही. परंतु या मृत्यूनंतर निवेदनातील थट्टेचा सूर पालटतो. एक लहान मुलगी गेली, एवढ्यावर जगाचा व्यवहार पुढे सरकतो. भावाच्या मनात मात्र तिच्याबरोबर तिच्या पुढच्या पिढ्याही संपतात. रूढ आचाराने सुतकाचे दिवस मोजून दिले. भावाने आपला शोक कोणापाशी बोलावा, हे सांगितले नाही.

अजिंठ्याच्या प्रसंगात हा शोक वाट शोधतो. तेथे बुद्धाचे दुःखचिंतन आणि मनीची आठवण एकमेकांत मिसळून जातात. जिवंत माणसांत न मिळालेला श्रोता दगडातल्या बुद्धात शोधावा लागावा, हे या प्रसंगाचे खरे कारुण्य होय. वसतिगृहात मेसचा कारभार आहे, स्नेहसंमेलन आहे, परीक्षा आहे. दुःखाला जागा नाही. घरी वडिलांशी असलेल्या ताणामुळे तीही वाट बंद आहे. परिणामी जगाला दिसतो तो केवळ वाया गेलेला मुलगा.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असा निर्देश दिला. 'कोसला'नंतर ६२ वर्षांनी आलेली ही तरतूद आवश्यकच आहे. मात्र पांडुरंगसारखा विद्यार्थी आपले दुःख सरळ शब्दांत मांडत नाही. तो चेष्टा करतो, पैसे उधळतो, अभ्यास टाळतो. त्याचे ऐकू पाहणाऱ्याला आधी ही भाषा ओळखता आली पाहिजे. म्हणूनच 'कोसला'तील विनोद हा निव्वळ शैलीचा विशेष न मानता, शोकाने धारण केलेले रूप म्हणूनही वाचला जाणे अगत्याचे आहे.