शंकासुराचा तुरा

शाळेचं कुंपण, एसटी स्टँडचा कोपरा, देवळामागची पडीक जागा. अशा ठिकाणी शंकासुर हमखास असतो आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणी थांबून बघत नाही. मोगऱ्याचं, गुलाबाचं कौतुक होतं, ते याच्या वाट्याला येत नाही. मला मात्र आपल्या परसातल्या फुलझाडांत इतकी नेटकी रचना दुसऱ्या कुणाची दिसलेली नाही. ती कळायची तर तुरा खालून वर वाचत जायला हवा.

तळाशी कोवळ्या चपट्या शेंगा. त्यांच्यावर त्या दिवशीची फुलं, मग फुगलेल्या कळ्या, आणि शेंड्याला बारीक कळ्यांचा दाट झुबका. फांदीच्या टोकाशी हा क्रम आठवडेच्या आठवडे वर सरकत राहतो. देठांकडेही बघा. खालच्या फुलांचे लांब, वर जावं तसे आखूड. त्यामुळे सगळा तुरा शंकूसारखा भरतो आणि एकही फूल दुसऱ्याच्या आड जात नाही.

आता एकच फूल हातात घ्या. चार मोठ्या पाकळ्या, शेंदरी-लाल, कडा पिवळ्या आणि चुणीदार. पाचवी कुठे आहे? ती मधे उभी असते, अंग चोरून, कडा आत वळवून जवळजवळ नळी झालेली. याचाच नातलग असलेल्या गुलमोहरात हीच पाचवी पाकळी मोठी, पांढुरकी आणि लाल ठिपक्यांची असते, लांबूनही उठून दिसते. शंकासुराने तिला लहान करून मधाच्या वाटेवर बसवलं आहे. आणि मग ते दहा पुंकेसर! पाकळ्यांच्या दुपटीहून लांब, लालभडक, वर किंचित वळलेले. त्यांच्याबरोबर तेवढाच लांब स्त्रीकेसर. कळीत हे सगळं दुमडून ठेवलेलं असतं. उमलायच्या बेतातली कळी अलगद सोडवून बघितली, तर एवढा पसारा एवढ्याशा जागेत मावला कसा, याचं नवल वाटतं.

ही लांबी नुसत्या दिमाखाची नव्हे. मोठं फुलपाखरू येतं, सोंड त्या नळीत घालतं आणि मध पिताना पंख फडफडवत राहतं. पराग लागतात ते त्या पंखांना. क्रूडन आणि हर्मन-पार्कर या अभ्यासकांनी हे मेक्सिकोत बारकाईने पाहून १९७९ साली मांडलं. केसर आखूड असते, तर पंख त्यांना लागलेच नसते. तुऱ्यातली काही फुलं तर फक्त नर असतात, त्यांचा स्त्रीकेसर खुरटलेला. भरगच्च फुलूनही शेंगा मोजक्याच धरतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

शेंग वाळली की काळपट होते आणि भर उन्हात तडकते. दोन्ही फाकी पीळ घेतात, बिया लांब उडतात. या बियांना एक दुखरा इतिहास आहे. झाड मूळचं उष्ण अमेरिकेतलं. बार्बाडोसचं ते राष्ट्रीय फूल आहे, तिथल्या राजचिन्हावरही ते दिसतं. चित्रकार आणि कीटक-अभ्यासक मारिया सिबिला मेरियन १६९९ मध्ये धाकट्या मुलीला घेऊन सुरिनामला गेली. १७०५ साली अॅम्स्टरडॅममध्ये निघालेल्या तिच्या ग्रंथात शंकासुराचं देखणं चित्र आहे, सुरवंट आणि पतंगासह. शेजारच्या मजकुरात तिने नोंदवलंय, की डच मळेवाल्यांच्या जाचातल्या तिथल्या मूळनिवासी स्त्रिया या बियांनी गर्भ पाडत, पोटचं मूल गुलामीत जन्माला येऊ नये म्हणून. हे वाचल्यापासून मला हे फूल नुसतं शोभेचं वाटत नाही. मेरियनने सौंदर्य आणि ही वेदना एकाच पानावर ठेवली, हे तिचं मोठेपण. बी विषारी आहे, हे घरात लहान मुलं असतील तर विसरू नये.

लावायचं तर बियांपासूनच लावावं. कवच कठीण असतं. काचकागदावर एका बाजूने जरासं घासावं किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजत ठेवावं. पेरणी पिशवीत करावी, म्हणजे पुढे मुळं न दुखावता रोप जमिनीत जातं. जागा दिवसभर उन्हाची आणि निचऱ्याची हवी. सावलीत झाड उंच, किडकिडीत होतं. पाणी साचलं तर मुळं कुजतात. एकदा रुजलं की पाण्यासाठी फार हट्ट करत नाही. युरियासारख्या नत्राच्या खताचा मारा केला तर पानंच पानं येतात.

बरेच जण चुकतात ते छाटणीत. फूल येतं नव्या फुटीच्या टोकाला. न छाटलेलं झाड खाली उघडंबोडकं होतं आणि तुरे डोक्यावर जातात, मग हे सगळं बघणार कसं? थंडी ओसरली की फांद्या गुडघ्याएवढ्या ठेवून कापाव्यात. काटे असतात, हातमोजे घालावेत. कापताना जीव कचरतो, तरी कात्री आवरती घेऊ नये. जितक्या नव्या फांद्या तितकी टोकं, आणि ती डोळ्यांच्या उंचीवर आली तरच पाचवी पाकळी दिसेल.