विट्यातून दिसणारं कोपरगावचं छत

विट्याच्या आसपासच्या गावांतून हिंडताना मोठमोठे बंगले नजरेत भरतात. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेल्या माणसांनी गावाकडं बांधलेले. कॉलम, बीम, स्लॅब. वीट फक्त मधल्या भिंतीत, तीही गिलाव्याखाली. गावाचं नाव विटा असलं, तरी इथल्या घरांत विटेला भरावापलीकडं काम उरलेलं नाही. म्हणूनच मुंबईच्या समीप पडोरा अँड असोसिएट्सनं कोपरगावच्या एका शाळेत बांधलेलं माया सोमय्या ग्रंथालय (२०१८) इथं बसून विचार करण्याजोगं वाटतं.

तिथं विटेचंच छत आहे. पातळ विटांच्या तीन थरांचं हे वक्र छत जमिनीतूनच वर उठतं. मुलं त्याच्याखाली वाचतात आणि वर चढून चालतातही. ही पद्धत कॅटलन म्हणून ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकात राफाएल गुआस्ताविनोनं ती अमेरिकेत नेली. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. त्यामुळं सारं वजन दाबाच्या रूपानं जमिनीत उतरेल असाच आकार लागतो. पडोरांनी तो संगणकावर शोधला. डोळ्यांना सुखावणारा तो बाक हौसेचा नाही, गरजेचा आहे.

या कार्यालयाची ठरावीक शैली नाही. जागा आणि जवळचं साहित्य पाहून ते सुरुवात करतात. मावळातल्या वडेश्वरच्या शिवमंदिरासाठी (२०१०) जवळच्या खाणीतला काळा दगड आला आणि गावकऱ्यांनी श्रमदान केलं. साकरवाडीच्या ‘जेतवन’ या बौद्ध केंद्रात एकही झाड तोडायचं नव्हतं; म्हणून इमारत सलग न ठेवता विभागली आणि मधे अंगणं मिळाली. तिथल्या भिंती दगडाच्या भुकटीच्या.

तरीही ग्रंथालयाबाबत एक खटकतं. दगड रचण्याचं कसब वडेश्वरसारख्या गावात पुन्हा उपयोगी पडू शकतं. संगणकानं काढलेला आकार मात्र वास्तुकाराबरोबरच परत जातो. स्लॅब गावोगावी रुजला, कारण सेंटरिंगवाला आणि गवंडी हाकेच्या अंतरावर मिळतात. उद्या इथल्या एखाद्या गलाईवाल्याला विटेचं छत हवंसं वाटलं, तर पैशासाठी त्याचं काम अडणार नाही, गवंड्यासाठी अडेल. असं छत बांधता येतं, हे पडोरांनी दाखवून दिलं. ते पुन्हा बांधू शकणारे हात तयार करणं हेही वास्तुकाराचंच काम मानलं, तर कोपरगावचं काम अजून अर्धंच झालं आहे.