नाण्यावरचं साल म्हणजे माळेचं वय नव्हे

जुन्या दागिन्यांना आपल्याकडे दोनच तारखा चालतात. एक 'पेशवेकालीन', दुसरी 'आजीच्या आजीची'. माझ्या प्रबंधाचं निम्मं काम या दोन तारखांशी भांडण्यात जातं, म्हणून आज त्यावरच लिहितो.

उदाहरण घरचंच घ्या. भिंगारला आमच्याकडे चांदीच्या रुपयांची माळ आहे, २१ नाण्यांची. प्रत्येक नाण्याला डाख देऊन कडी बसवलेली. सराफ म्हणाले, पेशवेकालीन. आई म्हणते, "१८४० ची आहे, साल लिहिलंय की त्याच्यावर!" पेशवाई १८१८ ला बुडाली आणि नाण्यांवर व्हिक्टोरिया राणीचं तोंड आहे, त्यामुळे सराफांचं लेबल तिथंच निकालात निघतं. आईचं म्हणणं मात्र नीट तपासावं लागतं.

१८४० हे साल नाण्यावर खरंच आहे. पण कंपनी सरकारने ते बदललंच नाही. १८४० लिहिलेले रुपये १८६२ पर्यंत पडत राहिले. पुढे राणीच्या सरकारचा रुपया आला, त्यावरचं १८६२ हे सालही १८७४ पर्यंत तसंच राहिलं. १८४० च्या रुपयात फरक ओळखायचा तर अक्षरं बघा: आधीच्या साच्यात राणीचं नाव डोक्यावरून सलग जातं, नंतरच्या साच्यात ते दोन बाजूंना विभागलेलं असतं. आणि १८७७ पासून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' येतं.

आमच्या माळेत बरेचसे १८४० आणि १८६२ चे, चार 'एम्प्रेस'चे आणि एक १९०६ चा, सातव्या एडवर्डचा. म्हणजे आज दिसते तशी माळ १९०६ च्या आधीची असूच शकत नाही. नाणं एवढंच सांगतं: याच्या आधी नाही. किती नंतर, ते सांगत नाही.

इथं थांबलो असतो तर मीही सराफांसारखीच घाई केली असती. कड्या पाहिल्या. वीस कड्या एकाच हातच्या, एडवर्डच्या रुपयाची वेगळी, डाखही ओबडधोबड. तो नंतर ओवलाय. बाकीच्या विसांत सर्वांत नवे 'एम्प्रेस'चे, म्हणजे मूळ माळ १८७७ नंतरची. शिवाय १८४० च्या नाण्यांवरचा राणीचा चेहरा पार झिजलाय, कड्या मात्र धडधाकट. ही नाणी आधी बाजारात बरीच वर्षं फिरली, मग गळ्यात आली.

आईला हे सांगितल्यावर ती जराशी हिरमुसली. मग म्हणाली, "एडवर्डचा रुपया तुझ्या पणजीने घातलेला. पहिल्या मुलाच्या वेळी." ही माहिती कुठल्याच नाण्यावर नव्हती. माझी तक्रार घरच्या गोष्टींबद्दल नाहीच. गोष्ट आणि धातू एकमेकांसमोर न ठेवताच आपण तारीख ठरवतो, त्याबद्दल आहे.

चांदीचा भाव बघून काका माळ मोडायला निघाले होते. सध्या थांबलेत. तुमच्याकडेही कोणी निघालं असेल तर आधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कड्यांचे वेगळे काढा, वजन लिहून ठेवा. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला "ही किती जुनी?" असं विचारू नका. "यात कोणी काय घातलं?" असं विचारा. एकदा आटवली की दोन्ही उत्तरं जातात.