वेलांटी आधी दिसते, नंतर ऐकू येते

रीलमध्ये मराठी गाणं लागतं, ठेक्यावर शब्द उसळतात, फिरतात, फुटतात, आणि मी गाणं सोडून अक्षरंच बघत बसतो. कायनेटिक टायपोग्राफी, म्हणजे संगीतावर हलणारी अक्षरं, हा प्रकार मला मनापासून आवडतो. म्हणूनच आपल्या लिरिक व्हिडिओंवर माझा राग आहे.

हिचकॉकच्या 'सायको'ची (१९६०) सॉल बासने केलेली श्रेयनामावली आजही बघा. बर्नार्ड हरमनच्या बोचऱ्या तंतुवाद्यांवर करड्या पट्ट्या सरकतात, नावांचे तुकडे होतात, जुळतात, पुन्हा तुटतात. पुढे काय घडणार याची धास्ती तिथेच बसते. प्रिन्सच्या 'साइन ओ द टाइम्स'च्या (१९८७) व्हिडिओत तर गायक दिसतच नाही, नुसते शब्द. हे सगळं रोमन लिपीला सोपं जातं. तिची छापील अक्षरं सुटी असतात, एकेक उचलून नाचवलं तरी बिघडत नाही.

आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली. आफ्टर इफेक्ट्समध्ये हालचाल कॅरेक्टरवर, शब्दावर किंवा ओळीवर लावता येते, आणि घोळ त्या 'कॅरेक्टर'मध्ये आहे. युनिकोडच्या हिशेबात 'स्त्री' म्हणजे सहा कोडपॉइंट: स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा तीच खूण, र आणि दीर्घ वेलांटी. जावास्क्रिप्टला लांबी विचारा, उत्तर ६. तोंडाने म्हणून बघा, उत्तर १. ज्या टेम्प्लेटला हा फरक कळत नाही, त्यात आधी स येतो, मग लंगडा त, आणि वेलांटी कुठेतरी हवेत. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या अक्षरविभागणीत आला २०२३ साली, १५.१ आवृत्तीत. आपल्या संतांनी सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं मोजून अभंग रचले, तेव्हा जोडाक्षर एकच धरलं होतं. (कमिटीला जरा उशीरच झाला.)

पण हा बग सुटला तरी प्रश्न सुटत नाही. 'किती' हा शब्द डावीकडून उजवीकडे हळूहळू उघडत न्या. ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते, ऐकू मात्र क नंतर येते. 'सूर्य'मधला रफार बरोबर उलटा: आवाज य च्या आधी, खूण य च्या डोक्यावर. रॅपमध्ये हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. संथ भावगीतात मात्र डोळा आणि कान वेगवेगळ्या गोष्टी सांगायला लागतात, आणि आपल्याला नुसतंच काहीतरी खटकत राहतं.

अक्षर फोडूच नये, असं माझं म्हणणं नाही. गाणारा लांबवतो तो स्वर. व्यंजन ठोक्यावर पडतं आणि संपतं. मात्रा हा शब्द आपल्याकडे तालात आहे, वृत्तात आहे आणि अक्षराच्या डोक्यावरही आहे. मग 'आ'वर आलाप चालू असताना काना खाली ओघळू दे की! तानेबरोबर शिरोरेषा लांबू दे. कुठे फोडायचं ते कानाने ठरवावं, एवढंच.

या बाबतीत मला दूरदर्शनची जुनी पट्टी जास्त मानाची वाटते. गाण्याखाली त्याच भाषेतले शब्द दाखवायचे, म्हणजे लोकांना वाचायची सवय लागेल, ही कल्पना आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारींनी १९९६ मध्ये मांडली. पुढे ती 'चित्रहार'मध्ये आली. शब्द गायला जाईल तसा त्याचा रंग बदलायचा. बस्स. दिसायला अगदी साधी, पण शब्द अख्खा राहायचा आणि आवाजाबरोबर चालायचा. आजच्या चकचकीत टेम्प्लेटांना हे दोन्ही जमत नाही.

माझा एक मित्र मराठी बँडसाठी असे व्हिडिओ करतो. डेडलाइन जवळ आली की तो सरळ रोमनमध्ये ओळी टाकायचा, कारण तिथे काही फुटत नाही. मग 'बाळ' आणि 'बाल' एकाच स्पेलिंगने नाचायचे, 'मन' आणि 'मण' यांच्यात फरक उरायचा नाही. मराठी गाणं मराठीत वाचायला मिळत नाही, आणि तेही सॉफ्टवेअरच्या सोयीसाठी, हे मला सहन होत नाही. हल्ली तो हालचाल अख्ख्या शब्दावर लावतो आणि जिथे स्वर लांबतो, तिथला काना किंवा वेलांटी हाताने वेगळी कापून घेतो. एका कडव्याला त्याची एक रात्र जाते. बँडवाले त्या रात्रीचे पैसे देत नाहीत.