एका मुखातून दोन पक्ष : कृत्रिम प्रतिपक्ष आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’

निर्णयापूर्वी विरुद्ध पक्ष ऐकून घ्यावा हे तत्त्व जुने आहे. तो पक्ष यंत्राकडून वदवून घ्यावा ही सोय नवी आहे. भाषाप्रारूपांवर आधारलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला परस्परविरोधी भूमिका देऊन त्यांच्यात वाद घडवून आणण्याची रीत अलीकडे रूढ होत आहे. एका पात्राने प्रस्तावाचे समर्थन करायचे, दुसऱ्याने त्यातील दोष काढायचे, तिसऱ्याने परिणामांचा विचार मांडायचा आणि वापरणाऱ्याने हे सारे वाचून निर्णयाला यायचे, अशी तिची मांडणी असते. दोन प्रणालींनी परस्परांविरुद्ध युक्तिवाद करावा आणि माणसाने निवाडा द्यावा, ही कल्पना आयर्विंग, क्रिस्टियानो आणि आमोडेई यांनी २०१८ मध्ये मांडली होती. एकाच प्रारूपाच्या अनेक प्रतींना परस्परांची उत्तरे तपासायला लावल्यास गणितातील व माहितीतील चुका कमी होतात, असे २०२३ मधील प्रयोगांतून पुढे आले. ही चर्चा बहुतांशी तंत्राच्या अंगाने होते. परंतु पात्र, भूमिका, संवाद, स्वर या संकल्पना मुळात साहित्यविचाराच्या आहेत. त्यामुळे या रीतीत नेमके कोण बोलते, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येतो.

भारतीय शास्त्रपरंपरेत या रीतीचा पूर्वज सहज सापडतो. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्त मांडता येत नाही, हा शास्त्रग्रंथांचा दंडक होता. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले : तत्त्वनिर्णयासाठी वाद, विजयासाठी जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा. पूर्वपक्षाच्या प्रामाणिकपणाला एक बाह्य आधार होता. तो पक्ष मानणारे विद्वान प्रत्यक्षात हयात असत. विपर्यास झाला तर ते प्रत्युत्तर देऊ शकत.

हा आधार नाहीसा झाला की काय होते, याचे उदाहरण चार्वाकमताचे आहे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिलेच प्रकरण चार्वाकांचे आहे, मात्र त्या मताचे जवळजवळ सर्व मूळ वाङ्मय लुप्त झाले आहे. चार्वाक आज बोलतो तो प्रामुख्याने त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतून. त्याला युक्तिवाद आहेत, परंतु आपल्या नावावर घातलेला युक्तिवाद नाकारण्याचा अधिकार त्याला नाही. कृत्रिम पात्राची स्थिती याहून वेगळी नाही. एखाद्या धरणाच्या प्रस्तावावर विचार करताना अधिकाऱ्याने प्रारूपाला ‘विस्थापित होणारा शेतकरी’ व्हायला सांगितले, तर जो शेतकरी बोलू लागेल तो शेतकऱ्यांविषयी लिहिल्या गेलेल्या मजकुरातून घडलेला असेल. ज्यांनी स्वतः फारसे लिहिलेले नाही, त्यांचे पात्र इतरांच्या शब्दांतूनच उभे राहते.

या प्रश्नाचे मर्म मराठीत सर्वाधिक स्पष्टपणे दाखवणारी संहिता म्हणजे विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७). समाजाची क्रूरता, स्त्रीचे शोषण, मध्यमवर्गाचा दंभ या अंगांनी या नाटकाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मात्र ते भूमिका वाटून घेण्याच्या कृतीविषयीचेही नाटक आहे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी गावात आली आहे. ठरलेला खटला अमेरिकेच्या अध्यक्षांवरचा, अण्वस्त्रांबद्दलचा आहे. वेळ घालवण्यासाठी आणि नवख्या सामंताला कामकाज समजावे म्हणून एक खोटा खटला सुरू होतो. लीला बेणारे आरोपी ठरते आणि आरोप भ्रूणहत्येचा ठेवला जातो.

या न्यायालयाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. सुखात्मे फिर्यादीचे वकील आहेत आणि आरोपीचे वकीलही तेच आहेत. फिर्यादीच्या बाजूने आवेशाने बोलून झाल्यावर ते उठून दुसऱ्या आसनावर बसतात, चेहरा पाडतात आणि बचावाचे भाषण करतात. त्या भाषणात गुन्हा गृहीत धरलेला असतो; मागणी असते ती केवळ दयेची. जागा बदलली, मुद्रा बदलली, स्वर बदलला. बेणारेकडे पाहण्याची दृष्टी मात्र तीच राहिली. न्यायाधीश काशीकरही मध्येच साक्षीदार होऊन स्वतःच्याच न्यायालयात साक्ष देतात. न्यायालयाची सर्व आसने भरलेली आहेत, कामकाजाचे उपचार पाळले जात आहेत, आणि तरीही तेथे दुसरा पक्ष असा नाहीच.

सामंताची साक्ष याहून सूचक आहे. तो निरुपद्रवी माणूस आहे. बेणारेविषयी त्याच्या मनात द्वेष नाही. साक्षीदार म्हणून काहीतरी सांगायचे म्हणून तो जवळच्या एका कादंबरीच्या आधाराने प्रसंग रचतो. ती रचना बेणारेच्या खऱ्या आयुष्याला जाऊन भिडते आणि खेळ हा खेळ राहत नाही. वाचलेल्या मजकुरातून संभाव्य विधान जुळवणे आणि ते साक्ष म्हणून नोंदले जाणे, या दोहोंतील अंतर किती सहज पुसले जाते, हे तेंडुलकरांनी येथे दाखवले आहे. भाषाप्रारूपाच्या पात्राचे बोलणे हे सामंताच्या साक्षीच्या जातीचे आहे. त्यात दुष्टावा नाही. प्रसंगी ते खरेही निघेल. परंतु त्याच्या खरेपणाची हमी बोलणाऱ्याकडे नाही.

ज्याची साक्ष खरोखर हवी होती तो प्राध्यापक दामले या न्यायालयात येतच नाही. बेणारेचे दीर्घ स्वगत रंगमंचावर इतरेजन गोठलेले असताना होते. ते प्रेक्षकाला ऐकू येते, न्यायालयाला नाही. निकाल त्या स्वगताने यत्किंचितही बदलत नाही. खटल्याने निर्णय सुधारला नाही. त्याने पूर्वग्रहाला निकालाचे रूप दिले. कृत्रिम प्रतिपक्षाच्या रीतीतील खरा धोका हाच आहे. ‘सर्व बाजू विचारात घेतल्या’ असा शेरा मारण्याची सोय झाली की उरलेल्या बाजूंकडे जाण्याची गरज संपल्यासारखी वाटते.

या निष्कर्षाला मानसशास्त्रातूनही दुजोरा मिळतो. चार्लन नेमेथ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, नेमून दिलेला विरोधक आणि खरोखर वेगळे मत असलेला विरोधक यांची तुलना आहे. खऱ्या विरोधामुळे गटाचा विचार अधिक मौलिक झाला. नेमलेल्या विरोधामुळे मूळ मताच्या समर्थनार्थच अधिक विचार होण्याकडे कल दिसला. जॉन स्टुअर्ट मिलने ‘ऑन लिबर्टी’ (१८५९) मध्ये याच स्वरूपाचा आग्रह धरला होता : विरुद्ध मत ते खरोखर मानणाऱ्याकडून ऐकले पाहिजे.

अर्थात, यावरून ही रीत निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. एकट्याने विचार करणाऱ्याला आपल्या युक्तिवादातील उणी जागा दिसत नाही. ती दाखवणारे पात्र कृत्रिम असले म्हणून उणीव कृत्रिम ठरत नाही. हिशेबातील चूक, न तपासलेले गृहीतक, विसरलेला पर्याय अशा बाबतींत युक्तिवाद कोणाचा, यापेक्षा तो टिकतो का, हे महत्त्वाचे असते. ज्यांना विरोध बोलून दाखवणारा सहकारी लाभत नाही, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. म्हणजे कृत्रिम प्रतिपक्षातून युक्तिवाद शोधता येतात. त्याला प्रतिनिधित्व मात्र करता येत नाही. पहिल्या कामाचे यश दुसऱ्याच्या खात्यावर मांडले की फसगत सुरू होते.

हा भेद ओळखण्याची एक कसोटी मिखाईल बाख्तिन यांच्या दोस्तोयेव्हस्कीवरील ग्रंथातून (१९२९, सुधारित आवृत्ती १९६३) मिळते. अनेक पात्रे बोलतात म्हणून कादंबरी बहुस्वर होत नाही. पात्राचे म्हणणे लेखकाच्या निवाड्यात जिरून न जाता त्याच्यासमोर स्वतःच्या अधिकाराने उभे राहते, तेव्हा ती बहुस्वर होते. निर्णयप्रक्रियेला ही कसोटी लावली तर विचारायचे प्रश्न सोपे आहेत. प्रतिपक्षाच्या बोलण्यामुळे निर्णयातील एखादे कलम बदलले का? न बदलल्यास त्याचे उत्तर लेखी दिले गेले का? आणि ज्याच्या नावाने पात्र बोलले, त्याला ते वाचून ‘हे माझे म्हणणे नव्हे’ असे सांगण्याची जागा होती का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर आसने कितीही असली तरी त्यांवर आळीपाळीने एकटे सुखात्मेच बसलेले असतात. धरणाच्या प्रस्तावावर रचलेला शेतकरी अधिकाऱ्याला गावात जाण्यापूर्वी कोणते प्रश्न घेऊन जावे हे सुचवू शकेल. गावात जाण्याचे काम त्याने संपत नाही. तेथूनच ते सुरू होते.