रॉकेलची प्रस्तावना : एका माहितीपत्रकाचे रसग्रहण

आपल्या वाङ्मयविचारात एका लेखनप्रकाराला अद्याप पाट मिळालेला नाही. कथा, कादंबरी, नाटक, काव्य यांची पंगत बसली, की चरित्र-आत्मचरित्रालाही कोपऱ्यात जागा होते. प्रवासवर्णनालाही कोणी ना कोणी वाढते. पण नव्या कंपनीसाठी भागभांडवल जमवावयाचे असते तेव्हा जे माहितीपत्रक लिहिले जाते, त्याला आजवर कोणी 'या, बसा' म्हटलेले नाही. वास्तविक इतके अवघड काम दुसऱ्या कोणा लेखकाच्या वाट्याला येत नाही. कादंबरीकार वाचकाकडे एक संध्याकाळ मागतो. पुस्तक नीरस निघाले तर वाचक जांभई देतो आणि दिवा मालवतो. माहितीपत्रकाचा लेखक मात्र वाचकाकडे त्याची शिल्लक मागतो, आणि तीही जी वस्तू अजून कोणी पाहिलेली नाही तिच्यासाठी! न पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास बसविणे हे जर कल्पनाशक्तीचे काम असेल, तर हा प्रकार वाङ्मयाच्या पंगतीतला आहे हे मान्य करावेच लागेल.

अशाच एका लेखनाचे रसग्रहण येथे करावयाचे आहे. ते १८५५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. लेखक येल महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक बेंजामिन सिलिमन धाकटे. विषय, पेनसिल्व्हेनियात सापडणारे 'रॉक ऑईल'. हे नाव परके वाटावयास नको. आपल्या आजीच्या कंदिलात आणि स्टोव्हमध्ये जे रॉकेल जळत होते, ते याच नावाचे मराठी लेकरू. दोन इंग्रजी शब्द मराठी जिभेने एकजीव करून टाकले, इतकेच.

लेखनामागची हकीकत अशी. जॉर्ज बिसेल हा न्यूयॉर्कचा एक वकील. १८५३ साली तो आपल्या जुन्या महाविद्यालयात, डार्टमथला गेला असता, पेनसिल्व्हेनियातून आलेली या तेलाची एक बाटली त्याच्या पाहण्यात आली. त्या भागात टायटसव्हिल नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच्या ओढ्यावर हे तेल तरंगत असे. लोक कांबळी भिजवून ती पिळून काढीत आणि औषध म्हणून विकत. डोकेदुखी, दातदुखी, संधिवात, काहीही असो, उपाय एकच! बिसेलच्या मनात आले, की हे पोटात घेण्यापेक्षा दिव्यात घातले तर? देवमाशाचे तेल त्या काळी महाग होत चालले होते, आणि चांगल्या उजेडाची गरज घरोघरी होती.

बिसेल आणि त्याचा भागीदार इव्हलेथ यांनी ओढ्याकाठची सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि १८५४ च्या डिसेंबरात 'पेनसिल्व्हेनिया रॉक ऑईल कंपनी' स्थापिली. भांडवल २,५०,००० डॉलर. २५ डॉलरचा एक, असे १०,००० भाग. पण भाग घेणार कोण? ओढ्यावरच्या तवंगासाठी शहाणा माणूस पेटीला हात घालीत नाही. न्यू हेवनचे काही धनिक थोडे वळले, पण त्यांनी अट घातली, की कोणा नामांकित शास्त्रज्ञाचे मत आणा. मग हे काम सिलिमन यांच्याकडे गेले. त्यांचे वडील अमेरिकेतील रसायनशास्त्राचे आद्य आचार्य म्हणून प्रसिद्ध होते. म्हणजे नावातच निम्मे भांडवल होते.

अहवाल तयार झाला. मानधन ठरले ५२६ डॉलर ८ सेंट. कंपनीजवळ पैसे नव्हते, आणि पैसे हाती पडल्याशिवाय अहवाल देणार नाही असे प्राध्यापकमहाशयांनी स्वच्छ सांगितले. आपल्या दिवाळी अंकांच्या लेखकांनी या बाणेदारपणाची नोंद अवश्य घ्यावी. संपादकांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल! अखेर पैसे जमले आणि १६ एप्रिल १८५५ या तारखेचा तो अहवाल छापून निघाला.

आता त्याच्या गुणांकडे वळू. पहिला गुण म्हणजे त्याची अलंकारहीन भाषा. प्राध्यापकांनी तेल तापविले. निरनिराळ्या उष्णतेला त्याचे निरनिराळे अंश वेगळे होऊन निघतात हे पाहिले. कोणता अंश दिव्याला चालेल, कोणता वंगणाला, मेणासारखे पॅराफिन कशातून मिळेल हे सांगितले. या तेलाचा उजेड त्या काळच्या इतर दीपतेलांच्या उजेडाशी मोजून ताडून पाहिला. निष्कर्ष असा, की कंपनीजवळचा कच्चा माल साध्या आणि कमी खर्चाच्या क्रियांनी मौल्यवान होऊ शकतो आणि त्यातला फारच थोडा वाया जातो. उपमा नाही, अतिशयोक्ती नाही. वाचकाच्या मनात जी ऊब निर्माण होते ती मोजमापाच्या ओळींनी.

दुसरा गुण अधिक सूक्ष्म आहे. आपले साहित्यशास्त्र शब्दाच्या तीन शक्ती सांगते : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. अहवालात प्राध्यापक अभिधेच्या बाहेर पाऊल टाकीत नाहीत. त्यांचा विषय बाटलीतल्या तेलाचे गुण. जमिनीखाली ते किती आहे हा त्यांचा विषयच नव्हे. खोल भोक पाडून तेल काढावे ही कल्पना तर तेव्हा पुढेही आलेली नव्हती. पण वाचणारा धनिक काय वाचतो? 'तेल उत्तम' हे वाचताच 'तेल मुबलक' हे तो स्वतःच्या मनाने जोडतो. ही व्यंजना लेखकाने लिहिलेली नाही; वाचकाच्या आशेने ती लिहिली आहे. भागभांडवलाच्या साऱ्या वाङ्मयाचे मर्म येथे आहे. त्यातले निम्मे लेखन वाचक करतो आणि पैसेही तोच देतो.

आता दोष. प्राध्यापकांनी कंपनीचे २०० भाग घेतले आणि पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. ग्रंथकार आणि समीक्षक एकाच घरात राहू लागले, की अभिप्रायाची किंमत उतरते, हे आपल्याला प्रस्तावनांच्या अनुभवावरून ठाऊक आहेच. तरीही अहवालातली मोजमापे मोजमापेच राहिली, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

कंपनीच्या इतर लेखनाविषयी मात्र असे म्हणता येत नाही. जमिनीची खरी किंमत ५,००० डॉलर असता खरेदीखतात ती २५,००० दाखविण्यात आली, कारण मोठा आकडा पाहून भाग घेणाऱ्याला जमीन मोठी वाटावी. ही व्यंजना नव्हे, सरळ खोटी अभिधा. पुढे न्यू हेवनचा पेढीवाला जेम्स टाउनसेंड याने कारभार हाती घेतला, तेव्हा एक व्यक्तिचित्रही निर्माण झाले. एडविन ड्रेक हा प्रकृतीमुळे रेल्वेची नोकरी सोडलेला गार्ड. टाउनसेंडच्याच हॉटेलात राहणारा, कंपनीत २०० डॉलर घातलेला. रेल्वेचा फुकट पास त्याच्याजवळ होता, हा त्याचा विशेष गुण! त्याला १८५७ च्या डिसेंबरात टायटसव्हिलला धाडले, आणि त्याच्या आधी तेथे 'कर्नल ड्रेक' अशा पत्त्याची पत्रे टपालाने पोचविली. तो कधीही कर्नल नव्हता. पण गावाने त्याला कर्नल मानले आणि तो जन्मभर कर्नल राहिला. लिफाफ्यावरच्या एका शब्दात इतके टिकाऊ पात्र उभे करणारा कादंबरीकार मला माहीत नाही.

मध्यंतरी बिसेलला भोक पाडण्याची कल्पना सुचली. सांगतात ते असे, की १८५६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये एका औषधविक्याच्या खिडकीत त्याला किअर यांच्या तेल-औषधाची जाहिरात दिसली. तिच्यावर मिठाच्या पाण्यासाठी खणलेल्या विहिरींचे मनोरे चितारलेले होते. अशाच विहिरींतून मिठाच्या पाण्याबरोबर ते तेल वर येत असे. जाहिरात पाहून औषध विकत घेणारे पुष्कळ; ती नीट वाचणारा एक निघाला.

१८५८ च्या मार्चमध्ये 'सेनेका ऑईल कंपनी' निघाली आणि वर्षाला १,००० डॉलर पगारावर ड्रेक कामाला लागला. पाणी आणि वाळू आत ढासळू लागली, तेव्हा त्याने खडकापर्यंत लोखंडी नळ ठोकून त्यातून भोक पाडण्याची युक्ती काढली. 'अंकल बिली' स्मिथ हा लोहार हाताशी होता. पण दिवस जात होते आणि भागधारकांचा धीर सुटत होता. जमिनीतून पाण्यासारखे तेल उपसणार म्हणून टाउनसेंडची थट्टा होई. शेवटी तो स्वतःच्या खिशातून पैसे पाठवू लागला; आणि १८५९ च्या ऑगस्टअखेर त्यानेही शेवटची रक्कम पाठवून लिहिले, की देणी भागवा आणि काम बंद करा. ते पत्र पोचण्यापूर्वी, २७ ऑगस्टला, भोक ६९ फुटांवर गेले होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, स्मिथने नळात डोकावून पाहिले, तो तेल वर आलेले!

येथे सामान्य वाचक टाळी वाजवतो आणि म्हणतो, 'पाहा, अहवाल खरा ठरला!' समीक्षकाला मात्र येथेच थांबून विचारावे लागते, की खरा ठरला म्हणजे काय? भोक ६० फुटांवर सोडून दिले असते तर त्याच अहवालाला लोकांनी थापेबाजी म्हटले असते. त्यातला एकही शब्द बदलला नसता. मग लेखनाचा खरेपणा नऊ फुटांवर अवलंबून असतो काय?

या प्रश्नाचे उत्तर त्याच लेखणीने दिले आहे. १८६४ साली सिलिमन कॅलिफोर्नियात गेले आणि तेथील तेलजमिनींवर त्यांनी नवे अहवाल लिहिले. पाझर पाहिले, टेकड्या पाहिल्या, आणि या वेळी ते बाटलीपाशी थांबले नाहीत. जमिनीखाली जवळजवळ कल्पनातीत संपत्ती आहे असा त्यांनी निर्वाळा दिला. त्या नावावर मोठमोठ्या भांडवलाच्या कंपन्या उभ्या राहिल्या. विहिरींनी निराशा केली, भागांचे भाव कोसळले. तपासलेल्या नमुन्यात शुद्ध केलेले रॉकेल मिसळलेले होते असे निघाले. ती भेसळ प्राध्यापकांनी केली असे सिद्ध झाले नाही. पण कॅलिफोर्नियाचे भूशास्त्रज्ञ व्हिटनी यांनी त्यांच्यावर कडक टीका केली, आणि १८७० साली त्यांना येल महाविद्यालयातील आपले अध्यापनाचे काम सोडावे लागले.

गंमत अशी, की विसाव्या शतकाच्या प्रारंभी कॅलिफोर्निया हे अमेरिकेतील तेलोत्पादनात अग्रेसर राज्य झाले. म्हणजे दुसरा अहवालही, उशिरा का होईना, 'खरा ठरला'! पण १८६५ साली ज्याने त्यावर विसंबून भाग घेतला, त्याच्या नातवंडांना त्याचा काय उपयोग? म्हणून माझे म्हणणे असे, की या लेखनाची कसोटी निकालात नाही. ते लिहिले गेले त्या क्षणी लेखक आपल्या ज्ञानाच्या कुंपणाच्या आत उभा होता की बाहेर, यात आहे. पहिल्या अहवालात सिलिमन यांनी पाहिले तेवढे सांगितले. दुसऱ्यात हवे ते सांगितले. लेखक तोच, विद्वत्ता तीच. वाङ्मय मात्र दोन जातींचे.

अमेरिकेकडे बोट दाखवून आपण हसावयाचे कारण नाही. त्याच सुमारास, तेथील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत कंपन्यांचे पीक आले होते. समुद्र हटवून जमीन करू म्हणणाऱ्या बॅकबे कंपनीच्या भागांवर लोक तुटून पडले. १८६५ साली युद्ध संपले, कापूस उतरला आणि मुंबईतली कितीतरी घरे बसली. तेथे जमिनीखालचे तेल, येथे पाण्याखालची जमीन. दोन्हीकडे निम्मे लेखन वाचकाच्या आशेने केले होते.

पात्रांचे पुढे काय झाले हे घरातल्या मुलांना ऐकावयाचे असते, म्हणून सांगतो. बिसेल श्रीमंत झाला आणि त्याने डार्टमथला व्यायामशाळा बांधून दिली. ड्रेकने आपल्या नळाच्या युक्तीचे पेटंट घेतले नाही. जे मिळाले ते तेलाच्या सट्ट्यात घालविले. १८७३ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने त्याला वर्षाला १,५०० डॉलरचे वेतन बांधून दिले. १८८० साली तो वारला. माहितीपत्रकात त्याला नायक केले होते. नफ्याच्या पानावर त्याचे नाव आले नाही.

आज आपल्याकडे कायदा कडक आहे. सेबीच्या नियमांप्रमाणे भागविक्रीच्या दस्तऐवजात जोखमीचे घटक स्वतंत्रपणे छापावे लागतात. शेकडो पानांचा ग्रंथ होतो. मी तर म्हणेन, की त्या ग्रंथातला तोच एक अध्याय वाङ्मयदृष्ट्या सर्वांत प्रामाणिक असतो, आणि नेमका तोच कोणी वाचत नाही. लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकवाचे बोट लावताना पुढच्या वर्षाच्या बेतात एखादा नवा शेअर असेल, तर घरातल्या एकाने ती पाने मोठ्याने वाचावीत आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा : हे लेखकाने पाहिले आहे, की आपण त्यात घालतो आहोत?